रोज १२ मिनिटं बादुआनजिन : छीगोंग घरच्या घरी कसं करायचं आणि त्यातून खरंच काय मिळतं

कंपनीने मला चीनमधल्या सुझोऊला पाठवलं तेव्हा माझी मान डावीकडे वळत नव्हती. म्हणजे वळायची, पण अर्ध्यात अडकायची, मागून कोणी हाक मारली की अख्खा माणूस वळवावा लागायचा. घरामागे एक छोटं पार्क होतं, तिथे सकाळी सहापासून म्हाताऱ्या मंडळींचं राज्य. एक आजोबा झाडाच्या खोडावर पाठ आपटत बसायचे (हो, मुद्दाम, लयीत), दोघीजणी उलट्या पावलांनी चालायच्या, आणि कोपऱ्यात फांदीला चहाचे थर्मास लटकवून पंधरा-वीस जण एका डबडा स्पीकरच्या तालावर इतकं हळू हळू काहीतरी करायचे की पहिल्यांदा मला वाटलं व्हिडिओ अडकलाय.

ते बादुआनजिन होतं, छीगोंग नावाच्या चिनी व्यायामाचा आठ हालचालींचा एक प्रकार. शिकवणाऱ्या बाईंचं वय सत्तरच्या आसपास असेल. सगळे त्यांना 'आयी' म्हणायचे. चिनी भाषेत आयी म्हणजे मावशी-काकू, वयाने मोठ्या कुठल्याही बाईला म्हणतात, पण मी घरी फोनवर "आज आयी रागावली" असं सांगायचो आणि आई पलीकडून विचारायची, मी कधी रागावले? असो. त्या आयींनी मला पहिले सहा दिवस फक्त उभं केलं. मागून येऊन दोन बोटांनी खांद्यावर टकटक करायच्या आणि म्हणायच्या "फांगसोंग", म्हणजे सैल सोड. मी सोडायचो, त्या पुढे गेल्या की खांदे आपोआप परत कानांकडे. चाळीशी ओलांडलेल्या माणसाला स्वतःचे खांदे कुठे आहेत हे माहीत नसतं हे मला तिथे कळलं.

तर हा लेख त्या आठ हालचालींबद्दल आहे. माझं एकच म्हणणं आहे आणि ते आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचायला सोपं जाईल : यात जे मिळतं ते जमेल त्यापेक्षा थोडं कमी करून आणि रोज करून मिळतं. ताणून, घाम गाळून, एका रविवारी दोन तास करून नाही. आपल्याकडे रथसप्तमीला १०८ सूर्यनमस्कार घालायची हौस असते, ती हौस इथे उपयोगाची नाही, उलट नडते.

आधी थोडं, हे आहे काय

qigong हे इंग्रजी स्पेलिंग बघून आपण 'क्विगाँग' वाचतो, पण उच्चार छीगोंगच्या जवळचा. 'छी' म्हणजे श्वास, वाफ, हवा, आणि चिनी वैद्यकात शरीरात खेळणारी ऊर्जा, आपल्या 'प्राण' शब्दासारखाच पसरट शब्द. 'गोंग' म्हणजे मेहनत करून कमावलेलं कसब. छीगोंग हे एकाच व्यायामाचं नाव नाहीये, त्यात शेकडो प्रकार आलेत. हा प्रकार जुना, पण सगळ्याला मिळून हे नाव सर्रास वापरात आलं ते १९५० च्या दशकात, जेव्हा उत्तर चीनमधे हबेई प्रांतात याची सॅनेटोरियम सुरू झाली.

जुना म्हणजे किती जुना, तर हुनान प्रांतात छांगशा शहराजवळ मावांगदुई इथे १९७३ साली एक थडगं खणलं, ते इसवीसनपूर्व १६८ मधलं. त्यात रेशमावर काढलेलं एक चित्र निघालं, ४४ माणसं वेगवेगळ्या पोजमधे, कोणी वाकलंय, कोणी हात वर ताणलेत, बायकाही आहेत पुरुषही आहेत. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीचा एक्सरसाइज चार्टच. नंतर ह्वा थुओ नावाच्या वैद्याच्या नावावर पाच प्राण्यांचा खेळ येतो, वाघ, हरीण, अस्वल, माकड आणि पक्षी. बादुआनजिन हे नाव सोंग राजवटीतलं, बाराव्या शतकातल्या लिखाणात ते सापडतं. 'बा' आठ, 'दुआन' तुकडे, 'जिन' म्हणजे किनखाप, जरीचं रेशमी कापड. आठ किनखापी तुकडे. गंमत म्हणजे सुझोऊ स्वतः अशाच कापडासाठी प्रसिद्ध आहे, तिथलं सोंग जिन म्हणजे आपल्याकडे पैठणचं नाव घ्यावं तसं.

मधे एक काळ गडबडीचा गेला. १९८० च्या दशकात चीनमधे छीगोंगची लाट आली, लांबून हात फिरवून रोग बरे करणारे 'मास्टर' निघाले, स्टेडियम भरायची. १९९९ मधे छीगोंगमधूनच निघालेल्या फालुन गोंग या पंथावर बंदी आली आणि सरकारने सगळं आपल्या ताब्यात घेतलं. मग २००३ साली तिथल्या क्रीडा खात्याने चार प्रकार ठरवून, मोजून-मापून दिले : यीजिनजिंग, पाच प्राण्यांचं वूछिनशी, सहा आवाजांचं लिउझिजुए आणि बादुआनजिन. पार्कात दिसतं ते बहुतेक हेच सरकारी बादुआनजिन, एक फेरी साधारण १२ मिनिटांची. २०२० च्या फेब्रुवारीत वुहानच्या तात्पुरत्या कोविड हॉस्पिटलांमधे खाटांच्या मधल्या जागेत पेशंट आणि पीपीई किटमधल्या नर्सेस मिळून जे करत होत्या त्यातही हे होतं, तेव्हा ते व्हिडिओ खूप फिरले होते.

फायदा काय, आणि किती

इथे मी जरा सावध राहणार, कारण नेटवर 'कॅन्सर बरा' पासून 'वय उलटं फिरतं' पर्यंत सगळं वाचायला मिळतं.

छीगोंग आणि ताई ची (ही त्याची चुलत बहीण, हालचाली लांबलचक आणि लक्षात ठेवायला अवघड) या दोघांवर मिळून २०१० मधे एक मोठा आढावा आला होता, ट्रायल्सवरच्या ७७ शोधनिबंधांचा. त्यात हाडांची घनता, हृदय-फुप्फुसांची क्षमता, हालचाल, तोल जाऊन पडणं, मनःस्थिती, एकूण आयुष्य कसं वाटतं अशा बऱ्याच गोष्टींत सुधारणा दिसली. पार्किन्सनच्या १९५ पेशंटवर अमेरिकेत झालेली ताई चीची ट्रायल २०१२ ची, आठवड्यातून दोनदा, २४ आठवडे, आणि ताई ची करणाऱ्यांचा तोल नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांपेक्षाही चांगला आणि वजनं उचलणाऱ्यांपेक्षाही चांगला झाला. बादुआनजिनवर चीनमधे भरपूर अभ्यास आहेत : बीपी थोडं उतरतं, झोप सुधारते, गुडघेदुखी कमी होते, सीओपीडीवाल्यांना (फुप्फुसांचा जुनाट आजार) दम कमी लागतो. पण त्यातले कितीतरी अभ्यास छोटे आहेत, आणि आपण व्यायाम करतोय की नाही हे पेशंटपासून लपवता येत नाही, त्यामुळे 'बरं वाटतंय' यातला किती भाग मनाचा हे वेगळं काढणं कठीण. माझं मत असं की तोल, पायांतली ताकद, झोप आणि मान-खांद्यांचा ताठरपणा यासाठी बिनधास्त करा, बीपी-शुगरसाठी गोळ्यांच्या जोडीला करा, गोळ्यांच्या ऐवजी नाही.

छी खरंच असते का? मला माहीत नाही आणि बादुआनजिन करायला माहीत असायची गरजही पडली नाही. श्वास हळू झाला, विशेषतः सोडताना लांबला, की हृदयाची गती खाली येते, हे साधं शरीरशास्त्र आहे. गुडघे वाकवून चार-पाच मिनिटं उभं राहिलं की मांड्या कामाला लागतात. आणि १२ मिनिटं फोन हातात नसतो. एवढ्यावर बराचसा हिशोब जमतो.

तयारी

मॅट नको, उलट मऊ मॅटवर तोल सांभाळायला त्रास होतो. साधी फरशी, पातळ सोलचे बूट किंवा अनवाणी. कपडे ढगळ, कमरेत करकचणारं काही नको. जेवणानंतर तासभर थांबा, अगदी रिकाम्या पोटीही नको, अर्धा कप चहा किंवा एखादं केळं चालतं. वेळ सकाळची चांगली म्हणतात, पण मी वर्षभर रात्री नऊला केलंय आणि झोप छान लागायची, त्यामुळे जी वेळ तुमच्या घरात कोणी हिसकावून घेणार नाही ती वेळ चांगली.

आता उभं राहणं. हसू नका, अर्धं शिक्षण इथे आहे. पाय खांद्याएवढे लांब, पावलं समांतर (आपली बदकासारखी बाहेर वळतात, खाली बघून सरळ करा). गुडघे किंचित सैल. माकडहाड खाली सोडायचं, उंच स्टुलावर टेकतोय तसं. शेंडीला धरून कोणी हळूच वर ओढतंय असं डोकं, हनुवटी जराशी आत. जीभ टाळूला टेकलेली. काखेत लिंबू मावेल एवढी फट. हात पोटासमोर गोल, कळशी कवेत धरल्यासारखे. बेंबीच्या तीन-चार बोटं खाली जी जागा आहे तिला दानथिएन म्हणतात, लक्ष तिथे ठेवायचं, जमलं तर, नाही जमलं तर नुसतं तळपायांवर वजन कुठे आहे ते बघत राहायचं. दोन मिनिटं. पहिल्या आठवड्यात मांड्या थरथरतात, काही बिघडलेलं नसतं.

श्वासाबद्दल : पहिला महिना श्वासाकडे बघूच नका, नाकाने येऊ द्या, जाऊ द्या. नंतर एवढाच नियम की हात वर जाताना किंवा उघडताना श्वास आत, खाली येताना किंवा मिटताना बाहेर. प्राणायाम करणाऱ्या लोकांना इथे कुंभक लावायचा मोह होतो. लावू नका, श्वास कुठेही कोंडायचा नाही, बीपीवाल्यांनी तर अजिबात नाही.

आठ तुकडे

पहिला, दोन हातांनी आकाश पेलायचं. बोटं पोटासमोर एकमेकांत गुंफा, तळवे वर. छातीपर्यंत उचला, तिथे तळवे उलटे फिरवून वर ढकला, नजर हातांमागे वर जाऊ दे. कोपरं सरळ झाली की हनुवटी परत आत घ्या, समोर बघा आणि दोन सेकंद ताण धरून ठेवा, हा थांबा लोक हमखास गाळतात आणि खरा ताण तिथेच असतो. मग हात सोडून दोन्ही बाजूंनी गोल खाली, गुडघे जरासे वाकतात, हात परत पोटासमोर. सहा वेळा. चिनी वैद्यकात धडाचे वर-मध्य-खाली असे तीन भाग मानतात, सानजिआओ, त्यांचं काम यामुळे सुरळीत होतं म्हणे. तसा अवयव शवविच्छेदनात सापडत नाही, पण दिवसभर लॅपटॉपवर कुबड काढून बसलेल्या माणसाच्या बरगड्या या एका हालचालीने उघडतात हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकतो. चूक एकच, कमर मागे वाकवून उंची वाढवणे.

दुसरा, धनुष्य ओढून गरुडाला मारायचं. डावा पाय बाहेर टाका, खांद्यांपेक्षा बराच रुंद. हात छातीसमोर क्रॉस, डावा बाहेरच्या बाजूला. आता बसा, म्हणजे घोड्यावर बसल्यासारखे गुडघे वाकवा, याला माबू म्हणतात. उजव्या हाताची बोटं पंजासारखी वाकवून उजव्या खांद्यासमोर ओढा, डाव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट ताठ, बाकीची मिटलेली, मनगट उभं, आणि तो हात डावीकडे ढकला. नजर त्या बोटापलीकडे लांब. मग वजन उजवीकडे नेत हात मोकळे करा, पाय आत घ्या, दुसरी बाजू. प्रत्येक बाजूला तीनदा. गुडघा पावलाच्या पुढे जाऊ द्यायचा नाही आणि आत कलू द्यायचा नाही. किती खाली बसायचं? जेवढं बसू शकता त्याच्या सत्तर टक्के. हा सत्तर टक्क्यांचा नियम सगळीकडे लावा, ताणाला, वाकण्याला, श्वासाला, सगळ्याला.

तिसरा सोपा आहे. एक हात चेहऱ्यासमोरून वर, डोक्यावर तळवा छताकडे, बोटं आतल्या बाजूला, कोपर किंचित वाकलेलं, त्याच वेळी दुसरा हात कमरेशेजारी खाली दाबायचा, बोटं पुढे. वरचा वर ढकलतोय, खालचा खाली, मधे बाजूची बरगडी ताणली जाते. तीन-तीनदा. याने पोट आणि प्लीहा सुधारते म्हणतात (चिनी 'प्लीहा' म्हणजे मुख्यतः पचन, आपली डॉक्टरी प्लीहा नव्हे).

चौथा माझा, म्हणजे मानेचा. हात खाली बाजूला सरळ ताणा, तळवे बाहेर फिरवत न्या, खांद्यांची पाती मागे जवळ येतील, आणि मान डावीकडे वळवून खांद्यावरून तिरकं मागे बघा. छाती समोरच. क्षणभर थांबा, मान सरळ, गुडघे जरा वाकवून हात कमरेशेजारी. मग उजवीकडे. तीन-तीनदा. याचं नाव 'पाच श्रम आणि सात इजांसाठी मागे बघा' असं आहे, नाव वाचूनच थकवा येतो. माझी मान दोन महिन्यांनी मोकळी झाली, पण खरं सांगायचं तर त्याच काळात ऑफिसात मॉनिटरखाली दोन जाड फाइली ठेवून तो वर घेतला होता, त्यामुळे श्रेय वाटून द्यावं लागेल. चक्कर येणाऱ्यांनी फक्त बाजूला बघावं, मागे नको.

पाचवा, डोकं हलवा आणि शेपूट झुलवा. सगळ्यात अवघड, घाई करू नका. पाय रुंद, माबूत बसा, हात मांड्यांवर गुडघ्यांच्या वर टेकवा, पण भार हातांवर टाकू नका. वजन उजवीकडे न्या, अंग उजवीकडे कलू दे, मग पुढे झुका आणि उजव्या पावलाकडे बघा. तसंच खालून धड पुढून डावीकडे फिरवत न्या, नजर उजव्या पावलावरच. मग वजन परत मधे, माकडहाडाने एक छोटं वर्तुळ काढा, डोकं त्याच्यामागे गोल फिरत वर येतं, धड सरळ, हनुवटी आत. मग उलट बाजू. तीन-तीनदा. हे 'हृदयातली आग' काढतं, म्हणजे चिडचिड, झोप न लागणं, तोंड येणं, आपल्याकडे 'उष्णता झालीय' म्हणतात तसलंच प्रकरण. सुरुवातीला डोकं मागे टाकायचा भाग सोडून द्या, नुसती कंबर फिरवा. आयी म्हणायच्या, पाटा-वरवंटा चालवल्यासारखी कंबर. म्हणजे त्या जात्याचं काहीतरी म्हणायच्या, मी माझ्या सोयीने पाटा-वरवंटा ऐकायचो.

सहावा, हात पायांपर्यंत. इथे मी मार खाल्लाय. हात वर करा, मग तळवे खाली दाबत छातीपर्यंत आणा, काखेखालून मागे वळवा, तळव्यांनी पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजू चोळत खाली, ढुंगणावरून, पायांच्या मागच्या बाजूने खाली जात वाका, घोट्यांवरून पुढे पावलांवर. मग हात पुढे लांब करा, हातांच्या मागोमाग धड वर येतं. सहा वेळा. मी तिसऱ्याच आठवड्यात शेजारच्या आजींची बोटं पावलांवर टेकलेली बघून इरेला पेटलो, गुडघे कडक ठेवून खाली गेलो, बोटं टेकवलीही, आणि वर येताना कमरेत जी कळ आली ती चार दिवस. आजी ७३ च्या. मी तेव्हा ४४. त्या तीस वर्षं रोज वाकतायत हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. तर तुम्ही गुडघे वाकवा, नडगीपर्यंतच जा, आणि वर येताना पहिले दोन महिने हात मांड्यांवर टेकवत या. हात पुढे करून यायची पद्धत कमरेवर बराच भार टाकते. पाठ चोळायचा भाग मात्र सोडू नका, तळवे गरम लागतात, बरं वाटतं.

सातवा, मुठी आवळा आणि डोळे वटारा. माबू, मुठी कमरेशी, अंगठा मुठीच्या आत. एक मूठ पुढे न्या, जोरात नाही, घट्ट दह्यातून हात पुढे सरकवावा तशी, आणि त्या मुठीकडे डोळे मोठे करून बघा. मग मूठ उघडा, मनगट गोल फिरवा, काहीतरी पकडल्यासारखी परत आवळून मागे. तीन-तीनदा. डोळे वटारायला सगळ्यांना लाज वाटते. पार्कात एक अगदी गरीब चेहऱ्याच्या बाई होत्या, एरवी मान खाली घालून चालायच्या, त्या हे करताना अशा बघायच्या की मी समोरची जागा बदलली.

आठवा, टाचा. पाय जुळवून उभे राहा, टाचा उचला, शेंडी वर, एक सेकंद थांबा, मग टाचा खाली सोडा, शेवटचं बोटभर अंतर हलकेच 'टप' असं पडू द्या. दात सैल मिटलेले, गुडघे सैल. सात वेळा. 'सात धक्क्यांत शंभर रोग गेले' असं नाव आहे, चिनी लोक नावं ठेवताना कंजुषी करत नाहीत. शंभराचं सोडा, पण पोटऱ्या पिळून रक्त वर ढकललं जातं, घोट्यांना तोल शिकवला जातो, आणि हाडांना छोटासा धक्का मिळतो. ज्येष्ठांनी खुर्चीची पाठ किंवा ओट्याची कड धरून करायचं. कुकरच्या शिट्ट्या मोजत उभे असता तेव्हा हा एवढा एक तुकडा करून टाकता येतो.

संपताना दोन्ही तळवे बेंबीखाली एकावर एक, काही श्वास, मग तळवे चोळून गरम करून चेहऱ्यावरून फिरवा. लगेच फोन उचलू नका, मिनिटभर चाला.

किती दिवसांत किती

सगळे आठ पहिल्या दिवशी शिकायला जाल तर पाचव्यावर अडकून सोडून द्याल. मी ज्यांना शिकवलं (भाऊ, वहिनी, ऑफिसातले दोघं) त्यांच्यावर चाललेला क्रम असा : पहिला आठवडा फक्त उभं राहणं, पहिला तुकडा आणि आठवा. दुसऱ्या आठवड्यात तिसरा आणि चौथा. तिसऱ्या-चौथ्यात दुसरा आणि सातवा, कारण आता मांड्या जरा तयार झालेल्या असतात. पाचवा आणि सहावा पाचव्या-सहाव्या आठवड्यात. मग मूळ क्रमाने पूर्ण फेरी, रोज एक, आठवड्यातून पाच दिवस तरी. तीन महिन्यांच्या आत निकाल मागू नका. आणि हे चालण्याला पर्याय नाही, आठवड्याला दीडशे मिनिटं दम लागेल असं काहीतरी करायला सांगतात, ते वेगळं करायचंच.

फरक पडतोय का हे 'फ्रेश वाटतंय' वर सोडू नका. सुरुवातीलाच तीन गोष्टी वहीत लिहा : एका पायावर किती सेकंद उभं राहता येतं (भिंतीजवळ, दोन्ही पायांचं वेगवेगळं), खुर्चीवरून हात न लावता ३० सेकंदांत किती वेळा उठता येतं, आणि बीपी असेल तर सकाळचं आठवडाभराचं रीडिंग. दर महिन्याला परत बघा. माझ्या भावाचं बीपी तीन महिन्यांत फारसं हललं नाही, पण खुर्चीवरून उठणं ११ वरून १६ वर गेलं, त्यालाही तेच जास्त आवडलं.

कोणी जपून

हाडं ठिसूळ असतील किंवा मणक्याचं जुनं फ्रॅक्चर असेल तर सहावा तुकडा नको आणि आठव्यात टाच आपटायची नाही, अलगद टेकवायची. काचबिंदू असेल तर डोकं खाली जाईल असं काही नको, पाचवा-सहावा दोन्ही वगळा. स्लिप डिस्क, गुडघा किंवा खुबा बदललेला, गरोदरपण, नुकतंच झालेलं हार्टचं ऑपरेशन, या सगळ्यांत आधी डॉक्टर किंवा फिजिओला विचारा, व्हिडिओ दाखवून विचारा, म्हणजे त्यांना कळेल की तुम्ही कशाबद्दल बोलताय. उभं राहवत नसेल तर १, ३, ४ आणि ७ खुर्चीत बसून छान होतात.

अजून एक, याबद्दल फार कोणी बोलत नाही. तासन् तास डोळे मिटून छी फिरवायच्या पद्धतींनी काही लोकांचं मन भरकटतं, भास होतात. चिनी लोकांना हे फार आधीपासून माहीत आहे आणि अमेरिकन मानसोपचाराच्या १९९४ च्या मॅन्युअलमधेही त्याची नोंद होती. १२ मिनिटांच्या डोळे उघडे ठेवून केलेल्या बादुआनजिनमधे असं व्हायचं कारण नाही, पण ज्यांना पूर्वी सायकोसिस किंवा बायपोलरचा त्रास होऊन गेलाय त्यांनी ध्यानाचे ते लांब प्रकार टाळावेत. आणि ऑनलाइन कोणी 'लांबून ऊर्जा पाठवतो' म्हणून पैसे मागत असेल तर ते काय आहे हे तुम्हाला माझ्याकडून ऐकायची गरज नसावी.

व्हिडिओवरून शिकणार असाल तर आरसा प्रकार लक्षात ठेवा, समोरच्याचा डावा तुमच्या उजव्या बाजूला दिसतो, म्हणून पाठमोरा शिकवणारा व्हिडिओ शोधा. आणि दर पंधरा दिवसांनी स्वतःचा व्हिडिओ बाजूने काढा, समोरून नाही. बाजूने काढला की कंबर कुठे वाकते, गुडघा कुठे जातो, सगळं उघडं पडतं. परत आल्यावर वर्षभराने मी तसा एक काढून वीचॅटवर आयींना पाठवला, मनातल्या मनात खूश होतो, माबू छान बसला होता. दोन दिवसांनी चार सेकंदांचा व्हॉइस मेसेज आला. "जिआनबांग," त्या म्हणाल्या, म्हणजे खांदे. "फांगसोंग."